नाल्यातल्या बंड्या

देवमन, तुझं सर्व्हिस बुक परवा माझ्या टेबलावर आलं. वर चिठ्ठी, 'बंद करून पाठवणे.' माणूस गेला की त्याचं पुस्तक बंद करावं लागतं, आणि आपल्या कचेरीत ते काम माझ्याकडे आहे हे तुला ठाऊकच होतं. शेवटच्या पानावर तारीख टाकायची, पुढे 'मयत' लिहायचं, खाली साहेबांची सही घ्यायची. आजवर कितीतरी जणांची पुस्तकं मी अशी बंद केली, हात कधी अडला नाही. तुझं उघडलं आणि दुसऱ्याच पानावर लाल शाई दिसली. 'वाहनांच्या मोजणीत खोटे आकडे भरले. विश्वासास पात्र नाही.'

तळपायाची आग मस्तकात गेली, गड्या. त्या मोजणीनंतर तुला कामावरून काढलं, वर्षभरानं धारणीकडे हजेरी कारकून म्हणून परत घेतलं, एवढंच मला माहीत होतं. परत घेताना नव्या पुस्तकात हे वाक्य घातलं, हे माहीत नव्हतं. आपल्या खात्यात बदली झाली की पुस्तक आधी पोचतं आणि माणूस मागून. म्हणजे दहा वर्षं तू जिथं जिथं गेलास, तिथं तुझ्या आधी हे वाक्य जाऊन बसलेलं. नवा साहेब आधी ते वाचणार आणि मग तुझ्या तोंडाकडे पाहणार. आणि तू दर उन्हाळ्यात अमरावतीला आलास की माझ्यासमोर बसून चहा पिणार, मेळघाटातल्या अस्वलांच्या गोष्टी सांगणार, आणि याबद्दल ब्र काढणार नाहीस. काहून रे? मला लाज वाटू नये म्हणून? का मला लाज वाटणारच नाही, असं तुला वाटलं म्हणून? यातलं कोणतं ते सांगून तरी जायचं होतंस.

तू गेल्याचं मला बडनेऱ्याच्या स्टेशनात कळलं. सकाळच्या गाडीला उभा होतो, कचेरीतल्या शिपायानं सांगितलं. हिवताप डोक्यात गेला म्हणे. धारणीहून परतवाड्यापर्यंत तुला बसनं आणत होते, तिथून पुढं अमरावतीच्या दवाखान्यात न्यायचं होतं, पण घाटात बस बिघडली आणि अर्धा दिवस तिथंच गेला. रस्त्याच्या खात्यातला माणूस रस्त्यातच अडकून मेला. शिपाई हे सांगताना मान हलवून 'नशीब' म्हणाला. मी त्याच्यावर एवढा खेकसलो की प्लॅटफॉर्मवरची माणसं वळून पाहायला लागली. त्या बिचाऱ्याचा काय दोष होता?

ती मोजणी मला पुन्हा पहिल्यापासून आठवू दे. तू ऐक, चुकलो तिथं अडव. तसा तू अडवायचासच.

नागपूरच्या दीक्षेनंतरचा दुसरा हिवाळा होता. तुझ्या टाकळीचा कच्चा रस्ता नाल्यावरच्या दगडी रपट्यावरून येतो आणि अकोल्याच्या रस्त्याला मिळतो. पावसाळ्यात पाणी रपट्यावरून वाहायला लागलं की टाकळी आणि पलीकडची गावं अडकून पडतात. तिथं पूल बांधावा की नाही, हे ठरवण्यासाठी खात्याला सात दिवस वाहनं मोजायची होती. वाहनं भरपूर दिसली तर पूल, नाहीतर नाही. आपण दोघं रोजंदारीवरचे मोजणी कारकून, सकाळी सहा ते दोनच्या पाळीचे. तू मॅट्रिक पहिल्या फटक्यात पास, मी दुसऱ्या, आणि हे तू मला सातही दिवस ऐकवलंस. वय आपलं एकच. तरी मी तुला 'तू' म्हणायचो आणि तू मला 'तुमी'. हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही, आणि याचाच मला आता सगळ्यात जास्त राग येतो.

रपट्याच्या तोंडाशी तट्ट्याची झोपडी, बांबूला लाल झेंडी, दोन स्टुलं, अंगात खात्यानं दिलेले खाकी कोट. टाकळीकडून येणारं तू मोजायचं, जाणारं मी. कागदावर रकाने: मोटार, ट्रक, बस, सायकल, लोखंडी धावेची बंडी, रबरी चाकाची बंडी. एक वाहन गेलं की एक उभी रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी त्यांच्यावरून आडवी. तास संपला की बेरीज. यात भांडायला कुठं जागा आहे सांग? पण तू काढलीस. दमणी कोणत्या रकान्यात घालायची? मी म्हणालो, बैल आहेत, बंडीतच घाल. तू म्हणालास, बंडीत कापूस असतो, दमणीत माणसं बसतात, म्हणून ती बसच्या जवळची. अर्धा दिवस या एका गोष्टीवर गेला. मग एका मागोमाग बांधलेल्या दोन बंड्या आल्या, हाकणारा एकच. मी एक धरली. तू माझ्या हातातली पेन्सिल धरलीस.

"पुलावर वजन दोन बंड्यायचं पडते, बाबाराव. पुलाले काय मालूम मांगच्या बंडीवर मानूस नाई थे."

मी दोन रेघा मारल्या. हसलो मी, पण मारल्या. मोजणी म्हणजे तुझ्या लेखी पूलच होता, आणि माझ्या लेखी रोजची हजेरी.

पहिल्या दिवशी कापसाच्या बंड्यांनी कागद अपुरा पडला, मागच्या बाजूनं लिहावं लागलं. दुसऱ्या दिवशी कागद जेमतेम भरला. तिसऱ्या दिवशी बंडीचा रकाना अर्धा कोरा. ऐन कापसाच्या हंगामात! मी म्हटलं, बाजार उतरला असेल. तू कोट काढून स्टुलावर ठेवलास, सदऱ्यावरच टाकळीच्या बाजूनं चालत गेलास आणि तासाभरानं डोक्याला हात लावून परत आलास. लाल झेंडी, खाकी कोट, आणि येणाऱ्या प्रत्येक बंडीकडे पाहून कागदावर रेघा ओढणारी दोन माणसं. कापूस भरून आणणाऱ्याला दुसरं काय वाटणार? बंडीवर कर बसून राहिला, नवा नाका उघडला, अशी बातमी चार गावांत गेली होती. रपट्याच्या अर्धा मैल आधी सगळे पांदणीला वळायचे, खाली कोरड्या नाल्यात उतरायचे आणि तिकडून परस्पर अकोल्याच्या रस्त्याला लागायचे. आपण वर माशा मारत बसलो होतो, आणि खालून अख्ख्या टाकळीचा कापूस चालला होता.

तू हे साहेबांना सांगितलंस. तेव्हा ते ओव्हरसियर होते, दुसऱ्या मुलखातून नुकतेच बदलून आलेले, बोलणं एकदम मऊ. आज तेच आपल्या कचेरीचे मोठे साहेब आहेत. तू म्हणालास, झेंडी काढू. ते म्हणाले, झेंडी नियमात आहे. तू म्हणालास, मग चौकी खाली नाल्यात नेऊ. ते म्हणाले, नकाशात तिथं रस्ता नाही, आणि नसलेल्या रस्त्यावरची वाहनं शासन मोजत नाही. तू म्हणालास, पण साहेब, बंड्या तं हायेत न. त्यांना आपली बोली ऐकून हसू आलं. त्यानंतर तू एक शब्द बोलला नाहीस, आणि तू गप्प झालास की काहीतरी शिजतंय एवढं मला कळायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभद्रावहिनी टोपलं घेऊन नाल्यात उतरली. तुझ्या लग्नाला तेव्हा तीनेक वर्षं झाली असतील. बैल जातात तिथं शेण पडतं, आणि शेण वेचणाऱ्या बाईकडे कोणी मान वर करून पाहत नाही. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत ती तिथंच. पांदणीतल्या बाभळींच्या काट्यांना बंड्यांवरचा कापूस अडकून लोंबत असायचा. त्यातल्या सरक्या ती सोलून घ्यायची. भरली बंडी गेली की एक सरकी पदराच्या एका टोकात, रिकामी गेली की एक खडा दुसऱ्या टोकात, आणि दमणीसाठी बोराची बी कमरेला खोचलेल्या चिंधीत. तीनही वेगळे, कधी मिसळले नाहीत. रात्रीच्या जेवणाआधी ती गाठी सोडायची आणि तू वेगळ्या कागदावर उतरून घ्यायचास. हे तू मला सांगितलंस तेव्हा मी तोंडावर म्हणालो, तुझी बायको मोजणार आणि तू लिहिणार, याला कोण विचारतं?

तू म्हणालास, येऊन पाहा.

पाचव्या दिवशी दोनला सुटल्यावर मी गेलो. विश्वास नव्हता म्हणूनच गेलो, खोटं कशाला बोलू. सकाळच्या सरक्या-खडे उतरून घेऊन तू तिचा पदर रिकामा केलास आणि मी नाल्याच्या वरच्या तुरीत बसलो, माझा स्वतंत्र कागद, माझ्या स्वतंत्र रेघा. ऊन उतरेपर्यंत तिथं होतो. मग खाली गेलो, तिनं पदर सोडला, आपण तिघांनी वाळूवर बसून ताडून पाहिलं. सरक्या आणि माझ्या रेघा बरोबर जुळल्या. खडे जुळले. बोराची बी मात्र माझ्यापेक्षा एक जास्त. मी म्हटलं, सापडली! तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्याकडे न पाहता तुला म्हणाली, "भाऊजी बिडी पेटवून राह्यले होते तवा एक दमणी गेली." तू नाल्यात पालथा पडून हसलास. मीही हसलो. वर येताना मनात आलं, खात्यानं हिलाच खाकी कोट द्यायला हवा.

इथवर सगळं चांगलं होतं. यापुढचं लिहायला नको वाटतं, पण तुझ्यासमोर नाही लिहायचं तर कुणासमोर?

सातव्या दिवशी तू तो वेगळा कागद टाचणीनं मोजणीच्या कागदांना लावून साहेबांच्या हाती दिलास. त्यांनी वाचला, टाचणी काढली, कागद तुझ्यापुढे धरला आणि विचारलं, "तुमचं गाव कोणतं?" तू टाकळी सांगितलंस. "आणि पूल कुठं व्हायचाय?" त्यांचं एवढंच गणित. टाकळीचा माणूस, टाकळीच्या पुलासाठी आकडे फुगवतो. तू म्हणालास, गावात चालून विचारा. ते आले, हे मात्र त्यांच्या बाजूनं सांगायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी आपल्या दोघांना घेऊन चावडीवर आले.

आणि काय झालं? बंडीवाल्यांना एकेकाला विचारलं, नाल्यातून जाता का? सगळ्यांनी कानावर हात ठेवले. आमी रपट्यावरूनच जातो जी, जे काय जातो ते. ज्याच्या लाल बैलांची जोडी मी स्वतः तुरीतून दोनदा पाहिली होती, त्यानं माझ्या डोळ्यांत डोळे घालून 'नाई' म्हटलं. त्यांना वाटलं, चुकवलेल्या सगळ्या दिवसांचा कर एकदम वसूल करायला साहेब आला. तू जीव तोडून सांगत होतास, बाप्पा हो, कर नाही, पूल आहे पूल, हो म्हणा. पण सांगणारा कोण होता? दीक्षेनंतर तुमच्या वस्तीनं मेलेली ढोरं ओढणं बंद केलं होतं, गावकीची कामं सोडली होती, आणि गाव वर्षभर त्यावरून धुमसत होतं. त्या चावडीवर तुझा शब्द कोण उचलून धरणार होतं? ते तुझ्याकडे पाहून मिशीतल्या मिशीत हसले. आपलाच पूल आपल्याच तोंडानं पाण्यात घातला त्यांनी, आणि वर हुशारी केल्यासारखे घरी गेले.

मग साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही घरंदाज माणूस," ते म्हणाले. "तुम्ही सांगा. नाल्यातून बंड्या जाताना तुम्ही पाहिल्या?"

तू माझ्याकडे पाहिलंस. आता सुटलो, असं तोंड होतं तुझं. ते तोंड मी विसरलेलो नाही.

मी म्हणालो, "मी रपट्यावर होतो, साहेब."

हे खोटं नव्हतं. सहा ते दोन मी रपट्यावरच होतो. असलं खरं बोलणाऱ्याच्या थोबाडीत द्यावी. का बोललो तेही सांगतो, आता लपवून काय करू? दोघांपैकी एकालाच कायम करणार, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. आणि दुसरं याहून वाईट आहे. 'घरंदाज' म्हटल्यावर मला बरं वाटलं. चार एकर कोरडवाहूचा आमचा बाप, घर कसलं नि घरंदाज कसलं! पण सगळ्या चावडीदेखत साहेबानं मला एका बाजूला घेतलं आणि तुला दुसऱ्या बाजूला ठेवलं, आणि मी खुशाल त्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

अकोल्याच्या रस्त्यापर्यंत आपण चालत आलो. तू शिव्या देशील म्हणून मी वाट पाहत होतो. बसच्या पायरीवर पाय ठेवताना तू म्हणालास, "तुमी खोटं नाई बोलले, बाबाराव." बस्स. अरे, एक सणसणीत शिवी द्यायची होतीस! माझं दहा वर्षांचं ओझं उतरलं असतं. तू मला माफ केलंस की हिशेबातूनच काढून टाकलंस, हे मला आजतागायत उमगलेलं नाही. मी कायम झालो. तुला काढलं. अहवालात लिहिलं, वाहतूक अपुरी, पुलाची आवश्यकता नाही.

पुढं उन्हाळ्यात तू यायचास तेव्हा मी दोन-तीनदा विषय काढला. तू 'अजी, सोडा न' म्हणून धारणीच्या रस्त्यांवर यायचास. एकदाच म्हणालास, नोकरी गेली ते फिरून भेटली, पूल नाई भेटला. आणि लगेच चहात साखर कमी आहे म्हणून हॉटेलवाल्याशी भांडलास. तुझ्याशी भांडण उकरून काढणं सोपं होतं, पण या एका भांडणाला तू मला कधी हात लावू दिला नाहीस. मी त्यातच सुख मानलं. दर वर्षी तू गेलास की मी आठ दिवस घरात चिडचिड करायचो, आणि बायको म्हणायची, देवमनभाऊ आले की तुमाले काय होते?

गेल्या आठवड्यात तुला टाकळीला आणलं तेव्हा रपट्यावरून पाणी वाहत होतं. अलीकडच्या काठावर तुला बंडीत ठेवून आम्ही दीड तास उभे होतो, पाणी उतरायची वाट पाहत. बाजारातून परतणाऱ्या आणखी चार-पाच बंड्या थांबलेल्या. त्यात तो लाल बैलांवाला होता, आता म्हातारा झालेला. पाण्याकडे पाहून तो सरकारचा उद्धार करत होता. मी खात्यातला आहे हे कळल्यावर माझ्याकडे आला आणि तणतणला, इथं पूल काहून नाई बांधत जी तुमचं खातं, आमी का मानसं नाई? मला विचारत होता. मलाच! माझा हात उठणार होता, देवमन. पण माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्याकडे पाहिलं, तर दोघांत निवडायला काय होतं? वस्तीत पोचल्यावर तुझ्या लोकांनी त्रिशरण म्हटलं. मला येत नव्हतं, मी मागे हात जोडून उभा राहिलो. वहिनीनं मला पाहिलं आणि नजर काढून घेतली.

मग कचेरीत शोकसभा. साहेब बोलायला उठले. देवमन म्हणजे आज्ञाधारक, अबोल, कधी वरिष्ठांशी वाद नाही, कधी तक्रार नाही. मी ऐकत होतो आणि वाटत होतं, हा कोण माणूस, मी तर याला ओळखत नाही! दमणीसाठी अर्धा दिवस भांडणारा तू. झेंडी काढा म्हणणारा तू. तुझं भांडण, तुझी अक्कल, सगळं त्यांनी धुऊन काढलं आणि एक गरीब बापडा बनवून भिंतीवर टांगला. सभा सुटल्यावर मी पुस्तक घेऊन त्यांच्या खोलीत गेलो आणि ते लाल वाक्य त्यांच्यापुढे उघडलं. म्हणालो, साहेब, हे खोडा.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. खरंच विसरले होते, की विसरल्यासारखं केलं, देव जाणे. म्हणाले, माणूस गेला, आता कशाला? मी म्हणालो, माणूस गेला म्हणूनच. ते म्हणाले, शेरा असा खोडता येत नाही, नवा पुरावा लागतो. मी म्हणालो, मी देतो, मी पाहिलं होतं. त्यांनी पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवलं. मग त्याच जुन्या मऊ आवाजात समजावून सांगितलं की तेव्हा मी पाहिलं नाही असाच माझ्या उत्तराचा अर्थ अहवालात गेला होता, म्हणजे खोटी साक्ष माझी ठरेल. हेडक्लार्कच्या जागेसाठी माझं नाव वर गेलेलं आहे. विचार करून घ्या. मी म्हणालो, विचार करून घेतला होता साहेब, चावडीवर, त्याचंच हे.

माझ्या टेबलावर बसून मी जबाब लिहिला. सही केली. आवक रजिस्टरात स्वतःच्या हातानं नंबर टाकला, म्हणजे आता तो कागद हरवायचा तर रजिस्टर फाडावं लागेल. तुझं पुस्तक मी बंद केलेलं नाही. 'मयत' लिहिलेलं नाही. शेरा खोडला जाईपर्यंत लिहिणारही नाही, मला कोणी काहीही करो. पहिल्यांदाच त्या कचेरीत मला छाती भरून श्वास आला, आणि मी जरा फुशारलोही, हे कबूल करतो.

काल रविवारी जबाबाची नक्कल घेऊन टाकळीला गेलो. वहिनी ओट्यावर तुरीची डाळ निवडत होती. मला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. मी कागद काढून वाचून दाखवला. सदर मोजणी देवमन यांनी प्रत्यक्ष केली होती, ती संपूर्ण खरी होती, मी ती समक्ष पाहिली व पडताळली होती, चौकशीच्या वेळी मी भीतीपोटी सत्य सांगितले नाही. वाटलं, आता ही रडेल, नाहीतर हात जोडेल, नाहीतर निदान म्हणेल, बरं केलं भाऊजी.

तिनं डाळीतला एक खडा काढून अंगणात टाकला.

"मोजल्या कोनं, भाऊजी?"

मी कागदाकडे पाहिलं. कागदावर देवमन होता.

"त्यायनं लिवल्या," ती म्हणाली. "मोजल्या मीनं. खोट्या मोजल्या म्हनत होते न तुमचे साहेब? थे मायाच मोजन्याले खोटं म्हनत होते. दहा वर्स थे त्यायच्या नावावर राह्यलं, त्यायनं भोगलं. आता खरं ठरून राह्यलं, तं थे बी त्यायच्याच नावावर काहून?"

नाल्यात तिच्यासमोर बसून सरक्या मोजणारा मीच. तिच्या हुशारीवर हसणारा मीच. आणि दहा वर्षांनी खरं बोलायला बसलो तेव्हा तिला कागदातून उडवणाराही मीच. साहेबाला नाल्यातला रस्ता दिसला नाही म्हणून इतकी वर्षं मी त्याच्या नावानं बोटं मोडली. पण देवमन, यात तूही सुटत नाहीस. चौकशीच्या जुन्या फायलीत लावलेला तुझा तो कागद मी जबाब लिहिताना काढून पाहिला होता. 'मोजणारा' यापुढे तुझीच सही आहे. बाईनं मोजलं म्हटलं तर हसतील, म्हणून तू आपलं नाव घातलं असशील. तिला चावडीवर ओढतील, म्हणून घातलं असशील. ते काहीही असो, तिला विचारलं होतंस का? यावर मी तुझ्याशी कडाकडा भांडलो असतो, आणि या वेळी तुला 'सोडा न' म्हणू दिलं नसतं. पण तू इथं नाहीस, आणि समोर ती बसली होती, डाळीचं सूप बाजूला सारून.

मी नक्कल पालथी केली आणि खिशातली पेन्सिल काढली. काय लिहू, असं तिलाच विचारलं. तिला अक्षर येत नाही. पण मी काय लिहितो ते पाहायला ती पोत्याजवळ सरकून बसली आणि कागदावर बोट ठेवून सांगायला लागली.

"लिवा. सुभद्रा देवमन तायडे, राहनार टाकळी. नाल्यातल्या बंड्या हिनं मोजल्या."